टाकणखाराची वाट

बोरमाळेचा मणी म्हणजे सोन्याच्या पातळ पत्र्याच्या दोन इवल्या वाट्या, तोंडाला तोंड लावून सांधलेल्या. सांधा दिसला तर मणी वाया गेला. सोनार आधी वाट्यांच्या कडा घासून लख्ख करतो. मग सवागीचा खडा दगडावर पाण्याच्या थेंबात उगाळतो आणि ते दुधट पाणी पिसाने सांध्यावर फिरवतो. त्यावर तांबं आणि चांदी मिसळून थोडं लवकर वितळेल असं केलेल्या सोन्याची केसासारखी बारीक कात्रण ठेवतो. मग बागेसरीतला, म्हणजे सोनाराच्या शेगडीतला, निखारा आणि फुंकणी. पहिल्या आचेला सवागी फसफसते, फुगते, तिची पांढरीशुभ्र लाही होते. फुंकर चालूच राहिली की लाही खाली बसते, वितळते आणि सांध्यावर काचेचा ओला पापुद्रा पसरतो. त्या पापुद्र्याखाली कात्रण क्षणात पाणी होते, कडेकडेने धावते आणि मणी एक होतो. पुढे चिंचेच्या पाण्यात उकळला की काच सुटून जाते आणि सांधा शोधूनही सापडत नाही.

पंढरपूरच्या नरहरी सोनारांनी बागेसरी, मूस, कातरी, ताजवा ही आपल्या धंद्याची हत्यारं अभंगात नेऊन बसवली. आमच्या जेऊर-करमाळ्यापासून बार्शी-पंढरपूरपर्यंतच्या सोनारांच्या पेटीत हीच हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या होती आणि त्यांच्या शेजारी पुडीत बांधलेला सवागीचा, म्हणजे टाकणखाराचा, खडा. हत्यारं गावात घडत. सोनं मोडीतून, बाजारातून येई. हा खडा मात्र सगळ्या मराठी मुलखात कुठेच निपजत नव्हता. तो हिमालयापलीकडून येत होता आणि शेकडो वर्षं त्याची वाट कुणी नीट पाहिलेली नव्हती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो पदार्थ नेमका काय आहे, कोणत्या वर्गात बसतो, हेही जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

तो आपल्याकडे का नाही, हे आधी पाहू. टाकणखार हे बोरॉन या मूलद्रव्याचं खनिज आहे आणि आपला काळा पाषाण, म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, बोरॉनच्या बाबतीत दरिद्री आहे. मुंबईत मालाडच्या खाणीतून डेटोलाइट नावाचं फिकट हिरवं स्फटिक निघालं. त्यात कॅल्शियम, सिलिकॉन आणि बोरॉन आहेत, पण खनिजशास्त्र त्याला बोरेट मानत नाही. त्याच्या रचनेचा कणा सिलिकेटचा असल्याने त्याची नोंद सिलिकेटांत होते. बाकी महाराष्ट्रभर बोरॉन दगडात विरून गेलेलं, हाती न लागण्याइतकं थोडं.

लोणारचं उदाहरण तर फार बोलकं आहे. बुलढाण्यातलं ते खाऱ्या पाण्याचं तळं बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेल्या विवरात आहे. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही, ऊन ते उडवून नेतं आणि क्षार मागे राहतात. इथल्या वस्तूंपासून काच आणि साबण करता येतो असं आइन-ए-अकबरीत लिहिलेलं आहे. तळ्याचे क्षार काढणाऱ्या लोकांनी त्यांची स्वतःची वर्गवारी केली होती. दल्ला, पापडी, खुप्पल, भुस्की ही नावं खड्याच्या घडणीवरून आणि शुद्धतेवरून पडलेली. हातात धरून, फोडून, जिभेवर ठेवून केलेली ही वर्गवारी मला फार मोलाची वाटते, कारण जगातली खनिजांची प्रत्येक वर्गवारी याच मार्गाने सुरू झाली. पण लोणारच्या त्या सगळ्या प्रकारांत सोडाच मुख्य आहे. गोळा करण्याजोगा टाकणखार तिथे साठत नाही.

टाकणखारासाठी तळ्याच्या पाण्याला बाहेर जायला वाट नसणं एवढ्याने भागत नाही. त्यात बोरॉन आणून सोडणारे गरम झरे लागतात आणि थंडीही लागते. हा क्षार उकळत्या पाण्यात भरपूर विरघळतो, गार पाण्यात अगदी थोडा. गोठणबिंदूजवळ शंभर ग्रॅम पाण्यात तो अडीच-तीन ग्रॅमपेक्षा जास्त राहत नाही. म्हणून थंडी पडली की तो बाकीच्या क्षारांआधी तळाशी बसतो. तिबेटच्या पठारावर तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. भूगर्भातली उष्णता बोरॉन वर आणते, तळ्यांना बाहेर वाट नाही आणि हिवाळा हाडं फोडणारा. लडाखमध्ये पुगाच्या खोऱ्यात सुमारे ४,४०० मीटर उंचीवर आजही गरम झऱ्यांच्या काठी या क्षाराचा पांढरा पापुद्रा जमिनीवर येतो.

आपल्या वैद्यांनी या खड्याला एक घर फार पूर्वी दिलं होतं. रसशास्त्रात 'क्षारत्रय' म्हणून तीन क्षार एकत्र धरतात: सज्जीखार, यवक्षार आणि टंकण. पहिला सोड्याच्या जातीचा, दुसरा जवाच्या राखेचा, तिसरा हा. कसोटी होती चवीची, हाताला लागणाऱ्या बुळबुळीत स्पर्शाची आणि आंबट पदार्थांशी होणाऱ्या झटापटीची. आधुनिक प्रयोगशाळेत टाकणखाराच्या पाण्याचा सामू ९.२ च्या आसपास भरतो, म्हणजे तो निःसंशय अल्कधर्मी आहे. इतकंच नव्हे, सामूमापक यंत्र बरोबर चालतं की नाही हे तपासायला जगभर टाकणखाराचं द्रावणही वापरतात. वैद्यांची वर्गवारी खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेलं अर्धं उघडायला युरोपात आणखी काही शतकं लागली.

औषध म्हणून टाकणखाराची लाही मधात खलून तान्ह्या बाळाच्या तोंडातल्या फोडांना लावायची चाल आपल्या घरोघरी होती. ती आता पूर्ण सोडून द्यायला हवी. बोरॉनचे क्षार बाळाच्या अंगात साठतात आणि विषारी ठरतात. बालरोगतज्ज्ञ त्याला स्पष्ट मनाई करतात. परंपरेचा मान राखूनही हे सांगितलंच पाहिजे.

पश्चिम किनाऱ्यावर या खड्याची पहिली छापील नोंद गोव्यातली आहे. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला, पुढे मुंबई बेट भाडेपट्ट्याने त्याच्याकडे होतं आणि १५६३ मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या औषधींवरचा आपला संवादरूप ग्रंथ गोव्यातच छापला. त्यात त्याने टाकणखाराचा उल्लेख केला आहे. गुजराती व्यापारी त्याला अरबांप्रमाणेच टिंकार म्हणतात आणि युरोपातले लोक त्याला सोनं जोडणारा पदार्थ म्हणून ओळखतात, असं तो सांगतो. युरोपात तेव्हा सोन्याचा 'डिंक' या अर्थाच्या एकाच ग्रीक नावाखाली तांब्याचं हिरवं खनिज आणि हा पांढरा क्षार दोन्ही खपत होते. काम एक म्हणून नाव एक, आणि नाव एक म्हणून पदार्थही एक, असा घोळ विद्वानांच्या ग्रंथांत चालू होता. सोनाराच्या पेटीत तो कधीच नव्हता.

पश्चिमेकडे जाणारा कच्चा माल व्हेनिसला पोचे. तिथले कारागीर तो शुद्ध करत आणि कृती जिवापाड लपवत. मागाहून हा धंदा डचांकडे गेला. त्या गुपिताचं मूळ खड्याच्या एका गुणात होतं. टाकणखाराच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पाण्याचा असतो. हे पाणी स्फटिकाच्या घडणीतच बसलेलं आहे. खडा कोरड्या हवेत उघडा राहिला की त्यातलं जवळजवळ अर्धं पाणी उडून जातं, त्याची पारदर्शकता मरते आणि वर खडूसारखी पांढरी भुकटी येते. ही भुकटी म्हणजे निराळंच खनिज आहे. त्याला पुढे टिंकलकोनाइट हे नाव मिळालं. संग्रहालयांतले टाकणखाराचे बहुतेक जुने नमुने आज आतून-बाहेरून टिंकलकोनाइट झालेले आहेत, बाहेरचा आकार तेवढा मूळचा. वाटेत असं होऊ नये म्हणून व्यापारी कच्च्या खड्यांना चरबी चोपडत. माल तेलकट, वास मारणारा, पिवळट-हिरवट दिसे. ही चरबी सोडवून, पाण्यात विरघळवून, गाळून, सावकाश थंड करून मोठे स्वच्छ स्फटिक पाडणं हीच ती व्हेनिसची कृती.

मालाच्या निम्म्या वजनाचं पाणीच हिमालयावरून वाहून आणलं जात होतं हे लक्षात आलं की त्या वाटेचं कष्टप्रद रूप डोळ्यांपुढे येतं. तळ्याकाठी लाही करून पाणी उडवलं असतं तर ओझं निम्मं झालं असतं. पण त्या उंचीवर झाड उगवत नाही आणि गोवऱ्या चुलीपुरत्या. शिवाय लाही फुगून जागा खाते. म्हणून खडा आहे तसा यायचा, मेंढीच्या पाठीवर.

होय, मेंढीच्या. निती, माणा, उंटाधुरा, लिपुलेख या कुमाऊँ-गढवालच्या खिंडी सोळा ते अठरा हजार फुटांच्या आहेत आणि खेचरालाही अवघड अशा वाटा तिथे आहेत. तिबेटशी व्यापार करणारे भोटिया लोक मेंढ्या-बकऱ्यांचे मोठमोठे कळप घेऊन उन्हाळ्यात वर जात. जाताना धान्य, कापड, गूळ, परतताना लोकर, मीठ आणि सुहागा, म्हणजे आपला टाकणखार. प्रत्येक जनावराच्या पाठीवर लोकरीच्या दोन लहान पिशव्या, दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या, मिळून आठ-दहा किलोंच्या. ही जनावरं वाटेत चरत चरत येत, त्यामुळे चाऱ्याचं वेगळं ओझं नव्हतं. माल बागेश्वरच्या मकरसंक्रांतीच्या जत्रेत आणि पायथ्याच्या रामनगरसारख्या मंड्यांत उतरे, तिथे उकळून स्वच्छ केला जाई आणि मग मैदानातून चहूकडे पसरे. आपल्या सोनाराच्या पुडीत येईपर्यंत तो किती हातांतून गेला असेल याची गणतीच नको.

मूळ तळी कुठे आहेत हे कलकत्ता, मुंबई वा लंडन कुणालाच धड माहीत नव्हतं. १७८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याविषयी दोन पत्रं छापली गेली. एक लखनौहून विल्यम ब्लेनचं, दुसरं तिबेट मिशनचे पाद्री जुझेप्पे द रोवातो यांचं. दोघांनीही ऐकीव माहिती गोळा केली होती. दोन वर्षांनी रॉबर्ट सॉन्डर्सचा लेख आला. सॉन्डर्स हा वैद्य १७८३ च्या सॅम्युएल टर्नरच्या शिष्टमंडळाबरोबर ताशी ल्हुन्पोच्या मठापर्यंत जाऊन आला होता. तळं मठापासून उत्तरेकडे पंधरा दिवसांच्या वाटेवर आहे, त्याचा घेर वीस मैलांचा, टाकणखार काठाच्या उथळ भागात मिळतो आणि मधल्या खोल पाण्यात मीठ, असं त्याने लिहिलं. खणून नेलं तरी खड्डे पुन्हा भरतात, नवा खार तयार होतच राहतो, ही तिथल्या लोकांची समजूतही त्याने नोंदवली. ती समजूत शास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होती.

एकीकडे वाटेचा शोध असा रखडत असताना दुसरीकडे युरोपातल्या रसायनशाळांत खड्याचं कूळ उकलू लागलं होतं. पॅरिसमध्ये १७०२ मध्ये विल्हेल्म होम्बर्गने टाकणखार हिराकसाबरोबर तापवला आणि वर चढलेले चकचकीत पांढरे पापुद्रे गोळा केले. ते झोप आणतात अशा समजुतीने त्याने त्यांना शामक लवण म्हटलं. आपण ज्याला बोरिक पावडर म्हणतो ती हीच. १७३२ मध्ये जोफ्र्वाने हे लवण दारूच्या अर्कात मिसळून पेटवलं तर ज्योत हिरवीगार झाली. पुढे बोरॉन ओळखण्याची हीच खूण ठरली. मग १७४८ च्या सुमाराला थेओडोर बारोंने दाखवून दिलं की टाकणखार म्हणजे हे शामक लवण आणि सोडा यांचा संयोग आहे. आपल्या वैद्यांना जाणवलेला क्षार तो हा सोडा. दुसरा अर्धा भाग मात्र आम्लाचा निघाला, आणि ते आम्ल कशाचं, हे कोडं तसंच राहिलं.

आता या इतिहासातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. स्वतःचं कूळ ठाऊक नसलेल्या या खड्यावरच त्या काळी इतर सगळ्या खनिजांची ओळख पटवली जात होती. स्वीडनचा आक्सेल क्रोनस्टेट खाणीतले दगड तपासायला सोनाराची फुंकणी वापरत असे. कोळशावर दगडाचा कण, त्यावर फुंकणीची ज्योत. १७५६ मध्ये एक दगड आचेवर उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने त्या जातीला झिओलाइट, म्हणजे उकळता दगड, असं नाव दिलं. आणि १७५८ मध्ये त्याने खनिजांची नवी वर्गवारी निनावी छापली, ती रंगरूपावर नव्हे, आतल्या रसायनावर उभी होती. रसायन कळायचं कसं? फुंकणीच्या ज्योतीत टाकणखार वितळवून. पुढे प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला टाकणखाराचा काचमणी करायचा, त्याला दगडाची किंचित पूड लावायची आणि पुन्हा तापवायचा, ही रीत सर्वत्र रूढ झाली. मणी गर्द निळा झाला तर कोबाल्ट, जांभळा झाला तर मँगेनीज, पाचूसारखा हिरवा झाला तर क्रोमियम. बर्झेलिअसने १८२० मध्ये या फुंकणी-परीक्षेवर ग्रंथ लिहिला आणि ती जगभर पोचली. आपल्याकडच्या पदार्थविज्ञान-रसायनाच्या जुन्या वर्गांतही टाकणखार मणी-परीक्षा मुलं करत आली.

मणी रंगतो त्याचं कारण आणि बोरमाळेचा सांधा जुळतो त्याचं कारण एकच आहे. वितळलेला टाकणखार धातूंची ऑक्साइडं, म्हणजे धातूवरची मळकट बुरशी, आपल्यात विरघळवून घेतो. शुद्ध सोन्याला तो हात लावत नाही, पण डागाच्या, म्हणजे सांधायच्या, सोन्यातल्या तांब्यावर तापताना जो काळा थर चढतो तो गिळतो आणि नवा थर येऊ नये म्हणून हवा बाहेर ठेवतो. धातू धातूला उघडा भेटतो. सोनाराला यातलं कारण सांगता आलं नसेल, पण सांधा धरायला कुठल्या क्षणी फुंकर थांबवायची हे त्याला लाहीच्या रूपावरून कळत असे. क्रोनस्टेटने हाती घेतलेली फुंकणी त्या ज्ञानासकट आलेली होती.

याच परीक्षेखालून आपल्या सह्याद्रीचे दगडही गेले. पुण्याच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडलेल्या पांढऱ्या सुयांना १८३१ मध्ये ब्रुक या इंग्रज खनिजशास्त्रज्ञाने पूनालाइट नाव दिलं. पुढे ते वेगळं खनिज नसून ठाऊक असलेल्याच झिओलाइटांच्या घरातलं आहे असं ठरलं आणि ते नाव यादीतून गेलं. मग बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फुटू लागला तेव्हा झिओलाइटांचे आणि ॲपोफिलाइटचे असे झुबके बाहेर आले की युरोपातल्या संग्रहालयांनी ते हातोहात घेतले.

त्याच रेल्वेने आमच्या भागातल्या मालाची दिशा उलटी केली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून दिकसाळपर्यंत आले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात ते जेऊरच्या शिवारातून पुढे जाऊन बार्शी रोडला, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, पोचले आणि १८६० च्या जूनमध्ये सोलापूर गाठलं. पण बोरघाटाचा चढ अजून व्हायचा होता. मुंबईहून येणारा माल घाटाखाली उतरवून माणसांच्या आणि बैलांच्या बळावर वर चढवावा लागे. घाटात पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधावे लागले, १८६१ च्या जानेवारीत बेचाळीस हजारांवर माणसं एकाच वेळी तिथे राबत होती. पटकी आणि तापाने त्यांतली हजारो गेली. त्यांची नावं कुठे नाहीत. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली काम पुरं होण्याआधीच १८६२ मध्ये वारला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन थोड्याच दिवसांत वारला तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवलं. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला आणि मुंबई बंदर ते जेऊर ही सलग लोखंडी वाट झाली. जो माल आजवर उत्तरेकडून टप्प्याटप्प्याने येई, त्याला आता समुद्राकडूनही दार उघडं झालं.

आणि समुद्रापलीकडे तोवर टाकणखाराचं जग बदलून गेलं होतं. १८०८ मध्ये पॅरिसला गे-ल्युसॅक व थेनार यांनी आणि लंडनला हम्फ्री डेव्हीने शामक लवणातून एक नवं मूलद्रव्य वेगळं काढलं. तेच बोरॉन. त्याआधीच, १७७७ मध्ये, इटलीतल्या टस्कनीच्या वाफाळ डबक्यांत हे लवण सुटं विरघळलेलं असल्याचं हेफर नावाच्या औषधविक्याला दिसलं होतं. फ्रांस्वा द लार्देरेलने १८१८ मध्ये तिथे कारखाना काढला. सुरुवातीला पाणी आटवायला लाकूड जाळून तो भागातली झाडं संपवू लागला, तेव्हा १८२७ पासून जमिनीतून येणाऱ्या वाफेचीच उष्णता त्याने वापरायला घेतली. जळणाचा खर्च गेला, टस्कनीचं लवण स्वस्त झालं आणि युरोपच्या बाजारात तिबेटी खड्याचे भाव कोसळले. ज्या जळणाअभावी तिबेटात लाही होत नव्हती, तेच जळण टस्कनीत भूमीने फुकट दिलं. वाटेची गोम तिथेच होती असं मला वाटतं.

गंमत ही की तिबेटची तळी प्रत्यक्ष पाहून नकाशावर आली ती त्यांचा बाजार ओसरू लागल्यावर. १८७१-७२ मध्ये किशनसिंग या पंडिताने व्यापाऱ्याच्या वेशात ल्हासाच्या उत्तरेकडचं नामत्सो आणि त्याजवळचं बुलत्सो हे टाकणखाराचं तळं पाहून नोंदवलं. किशनसिंग आणि त्याचा चुलतभाऊ नैनसिंग हे मिलमचे, भोटिया घराण्यातले. मेंढ्यांच्या पाठीवर सुहागा आणणाऱ्यांच्या घरातली माणसंच पावलं मोजत, जपमाळेच्या मण्यांवर हिशेब ठेवत सर्वेक्षण खात्यासाठी तिबेट मापत होती. ज्या वाटेबद्दल रॉयल सोसायटी ऐकीव पत्रं छापत होती, ती त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पायांखालची होती.

मग अमेरिका आली. कॅलिफोर्नियात १८५६ मध्ये जॉन व्हीचला पाण्यात टाकणखार सापडला. १८८१ मध्ये डेथ व्हॅलीच्या रणरणत्या खोऱ्यात आरन विंटर्स या गरीब माणसाने जमिनीवरची पांढरी माती बशीत घेऊन तिच्यावर आम्ल आणि दारूचा अर्क ओतला, काडी लावली आणि जोफ्र्वाने पाहिलेली तीच हिरवी ज्योत पाहिली. जमीन त्याने वीस हजार डॉलरला विकली. तिथून माल मोहावीच्या रेल्वे स्टेशनपर्यंत १६५ मैल न्यायला वीस-वीस जनावरांच्या गाड्या लागल्या. पुढे १९२६ मध्ये त्याच राज्यात कर्नाइट सापडलं. टाकणखाराचंच हे भावंड, पण त्यात पाण्याचे रेणू अर्ध्याहून कमी. आणि त्यानंतर तुर्कस्तानचे साठे उघडले. जगातल्या ज्ञात बोरॉनपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास आज त्या एका देशात आहे. हिमालयाच्या खिंडींतला उरलासुरला व्यापार १९६२ च्या युद्धाने थांबला.

कूळ ठरवण्याचं काम मात्र अजून बाकी होतं. मूलद्रव्य कळलं तरी ते स्फटिकात कसं मांडलं आहे हे क्ष-किरणांशिवाय दिसणार नव्हतं. १९५६ मध्ये मोरिमोतो या जपानी शास्त्रज्ञाने टाकणखाराची रचना उलगडली. त्यात बोरॉनचे चार अणू एका गटात असतात. दोघांभोवती तीन-तीन ऑक्सिजन त्रिकोणात, दोघांभोवती चार-चार ऑक्सिजन चौफलकात. असे गट आणि पाण्याने वेढलेल्या सोडियमच्या साखळ्या एकमेकींना फार दुबळ्या बंधांनी धरून असतात. खड्याचे सगळे स्वभाव यातून उमगतात. नखाने चरा पडेल इतका तो मऊ का, दगड असून इतका हलका का, पाणी इतक्या सहज का सोडतो, आचेवर आधी फुगतो आणि मग काच का होतो. बोरॉनचा हा दुहेरी स्वभाव, कधी तिघांशी तर कधी चौघांशी जोडलं जाणं, यामुळे बोरेट खनिजांच्या घडणीत विलक्षण विविधता आली. त्रिकोण-चौफलकांचे एकाचे, दोनाचे, तिनाचे, चाराचे गट, त्यांच्या साखळ्या, पत्रे, जाळ्या, अशी ही खनिजं आता लावतात. टाकणखार चाराच्या गटात.

तरीही स्ट्रुन्झच्या प्रसिद्ध वर्गवारीत बोरेटं कार्बोनेट आणि नायट्रेट यांच्याबरोबर एकाच वर्गात कोंबलेली होती, सोड्याच्या शेजारी. म्हणजे क्षारत्रयातला शेजार विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकला म्हणायचा. २००१ च्या नवव्या आवृत्तीत बोरेटांना स्वतंत्र सहावा वर्ग मिळाला.

जेऊरच्या आसपास आज हा पदार्थ सोनाराच्या पुडीपेक्षा शेतकऱ्याच्या फवारणी पंपात जास्त आहे. इंग्लंडमधल्या रॉदॅमस्टेड संशोधन केंद्रात १९२३ मध्ये कॅथरीन वॉरिंग्टन हिने घेवड्याच्या जातीच्या रोपांवर सिद्ध केलं की बोरॉनशिवाय झाड वाढूच शकत नाही. पेशीची भिंत बांधायला ते लागतं. उजनी धरणाचं पाणी आल्यापासून करमाळा तालुक्यात ऊस आणि केळी पसरली, कंदरची केळी परदेशी जाऊ लागली, आणि सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपली काळी, चुनखडीची जमीन असलेलं थोडंफार बोरॉनही धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. डाळिंब तडकण्यामागच्या कारणांत पाण्याच्या अनियमित पाळ्यांबरोबर बोरॉनची कमतरताही येते. म्हणून कृषी सेवा केंद्रात 'बोरॉन वीस टक्के' लिहिलेल्या पुड्या मिळतात. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ माती आणि पानं तपासून मगच ते द्या असं सांगतात, कारण उणीव आणि विषबाधा यांच्यात या द्रव्याचं अंतर फार थोडं आहे. मात्रा चुकली की पानांच्या कडा जळतात.

देशात टाकणखाराचं व्यापारी खाणकाम होत नाही. पुगाचा पापुद्रा पातळ आहे आणि खोरं नाजूक. पुडीतलं बोरॉन तुर्कस्तान, अमेरिका किंवा दक्षिण अमेरिकेतून जहाजाने येतं, मुंबईच्या बंदरात उतरतं आणि घाट चढून बागांपर्यंत पोचतं.